वाचनालयातला डीह्युमिडिफायर: टाकीत पाणी कमी, कॉइलवर बर्फ, हवेला वास. मदत हवी आहे

पागोळी

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. इमारत जांभ्याची, वर कौलं. संदर्भ विभागाची खोली पंधरा बाय बारा फूट, उंची दहा फुटांच्या आसपास, कौलांखाली लाकडी तक्तपोशी. मासिकांचे बांधीव खंड, जुने दिवाळी अंक, थोड्या पोथ्या असं सगळं मिळून दोनेक हजार पुस्तकं तिथे आहेत. यातले काही खंड आता दुसरीकडे कुठे मिळायचे नाहीत, म्हणून जीव तुटतो.

मृग लागला की दसऱ्यापर्यंत इथली हवा सर्द असते. पुठ्ठे सादळतात, कापडी बांधणीवर बुरशी धरते, खंडांच्या पाठीला कसर लागते. गेल्या वर्षी एका देणगीदारांनी पोर्टेबल डीह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा काढून त्याचं पाणी टाकीत साठवणारं यंत्र) दिला. कॉम्प्रेसरवाला आहे, खोक्यावर ‘दिवसाला २० लिटर’ लिहिलंय. पहिल्या पावसाळ्यात टाकी भराभर भरायची. यंदा मात्र:

रात्रभर चालवूनही टाकीत लिटर-दीड लिटरच पाणी. पुढची जाळी काढून टॉर्चने पाहिलं तर आतल्या कॉइलवर पांढरा बर्फ. मध्येच कॉम्प्रेसरचा आवाज थांबतो आणि नुसता पंखा फिरत राहतो. टाकी रिकामी करून लावली तरी ‘टाकी भरली’चा लाल दिवा कधीकधी जात नाही. आणि बाहेर येणाऱ्या हवेला ओल्या पायपुसण्यासारखा वास.

आर्द्रतेचं सेटिंग ५० टक्क्यांवर आहे, खिडक्या बंद असतात. यंत्रावरचा आकडा ६० च्या आसपास दाखवतो, पण भिंतीवरचं आर्द्रतामापक ७८ म्हणतं. कोणावर विश्वास ठेवायचा? कॉइल गार करणारा आतला गॅस गेला असेल का? सर्व्हिस सेंटर लांब आहे, तिथवर यंत्र नेण्याआधी इथे काय तपासता येईल? आणि एक उपप्रश्न: साचलेलं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घातलं तर चालेल ना, असं आमचे शिपाईकाका विचारतात.

गारवा

ताई, फ्रिज-एसी दुरुस्तीचं काम करतो, म्हणून लिहितो. लगेच गॅसवर जाऊ नका.

हे यंत्र म्हणजे एकाच डब्यात बसवलेला छोटा एसी समजा. पंखा खोलीतली हवा आत ओढतो, ती गार कॉइलवरून जाते, तिथे वाफेचं पाणी होऊन टाकीत ठिबकतं आणि तीच हवा गरम कॉइलवरून बाहेर येते. म्हणून खोली एक-दोन अंशांनी गरम वाटते, तो बिघाड नव्हे. बर्फ धरतो तो गार कॉइलवरून पुरेशी हवा जात नसली की. थंड प्रदेशात खोलीच १५ अंशांवर उतरली तरी धरतो, पण तुमच्याकडे पावसातही २६-२७ अंश असणार, तेव्हा ते कारण बाद. कॉम्प्रेसर थांबून पंखा चालू राहतो तेव्हा यंत्र स्वतःचा बर्फ वितळवत असतं. त्या वेळात पाणी धरलं जात नाही, म्हणून टाकी रिकामी.

वाचनालय म्हटल्यावर माझा पहिला संशय फिल्टरवर. कागदाचा आणि कापडाचा भुगा फार बारीक असतो, जाळीवर त्याचा नमदा बसतो. प्लग काढा. फिल्टर काढून कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा. ओला फिल्टर परत लावू नका. मग कॉइलच्या पत्र्या बघा. त्या ॲल्युमिनियमच्या आणि कागदासारख्या पातळ असतात, नखानेसुद्धा वाकतात. रंगकामाचा मऊ ब्रश घ्या आणि वरून खाली, पत्र्यांच्या दिशेनेच फिरवा, आडवा नको. व्हॅक्यूम असेल तर ब्रशच्या तोंडाने हलकेच. पाण्याचा फवारा मारू नका, आत सर्किट आहे. बर्फ कधीही सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडायचा नाही. बंद करून ठेवा, आपोआप वितळेल.

यंत्र भिंतीला चिकटून असेल तर चारही बाजूंनी फूटभर मोकळं करा.

एवढं केल्यावर तासभर चालवून पुन्हा टॉर्च मारा. कॉइल सगळी सारखी ओली दिसली तर यंत्र ठणठणीत. बर्फ फक्त सुरुवातीच्या एक-दोन नळ्यांवर आणि बाकीची कॉइल कोरडी असेल, तर मग गॅस कमी झालाय. ते काम घरचं नाही. मागच्या पाटीवर आर-२९० लिहिलंय का बघून ठेवा. तो प्रोपेन असतो, पेट घेणारा. अशा यंत्राला भोक पाडणं, जवळ ज्योत नेणं अजिबात नको, आणि मेकॅनिकलाही ते आधी सांगा.

लाल दिव्याचं कारण बहुधा तरंगता फ्लोट. टाकीच्या आत एका बाजूला हलका ठोकळा असतो, बऱ्याच मॉडेलांत त्यात लोहचुंबक बसवलेलं असतं. बुळबुळीत थर धरला की तो वरच अडकतो. टाकी साबणाने धुवा, फ्लोट बोटाने वरखाली मोकळा हलतो का पाहा. तो काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, टाकी ओसंडली की पाणी थेट जमिनीवर, म्हणजे तुमच्या खालच्या फळीपर्यंत. वासाचं मूळही याच थरात आणि कॉइलच्या खालच्या पन्हाळीत असतं. टाकीत पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून अर्धा तास ठेवा आणि खळखळून धुवा. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र कधीच नाही, विषारी वायू होतो.

बॅटरीत ते पाणी नको. दिसतं डिस्टिल्ड वॉटरसारखं, पण हवेतली धूळ, कॉइलच्या धातूचे कण, जंतू सगळं त्यात असतं. प्यायलाही नाही. फरशी पुसा, कुंड्यांना घाला.

पागोळी

गारवादादा, मनापासून आभार. आज दुपारी काम केलं. फिल्टरवर करडा थर होता, धुतल्यावर पाणी अक्षरशः चिखलासारखं झालं. फ्लोट अडकलेलाच होता, दिवा आता जातो. कॉइल सगळी सारखी ओली दिसते, बर्फ नाही. म्हणजे गॅस आहे! वासही बराच उतरला.

पण भिंतीवरचा आकडा ७८ वरून जेमतेम ७५ वर आलाय. यंत्र लहान पडतंय का? समिती मोठं घ्यायचं म्हणते आहे.

दवबिंदू

मोठं घेण्याआधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, मापक. एका बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल एवढेच पाण्याचे थेंब टाका. झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवा, मीठ मापकाला लागू देऊ नका. मिठाच्या अशा संपृक्त द्रावणावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी जो आकडा दिसेल त्यातून तुमचं मापक किती पुढे-मागे आहे ते कळेल. यंत्राचा आकडा त्याच्या तोंडाजवळच्या हवेचा असतो, तो खोलीपेक्षा कमी दिसू शकतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुमची खोली १८०० घनफूट, म्हणजे सुमारे ५१ घनमीटर. २८ अंशांना ८५ टक्के आर्द्रतेच्या एका घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम वाफ असते, ५५ टक्क्यांना १५ ग्रॅम. फरक ८ ग्रॅम. गुणाकार करा: अख्ख्या खोलीच्या हवेतून काढायचं पाणी अर्ध्या लिटरहूनही कमी! मग पहिल्या वर्षी भरलेल्या टाक्या कुठून आल्या? पुस्तकांतून, भिंतींतून आणि बाहेरून.

पुस्तकं एक टन धरू. कागद ८० टक्के आर्द्रतेतून ५० ला येताना किलोमागे ढोबळमानाने ३०-४० ग्रॅम पाणी सोडतो. म्हणजे कागदातच ३०-४० लिटर. ते पाणी आठवड्या-आठवड्यांनी बाहेर येतं, एका रात्रीत नाही. तोवर मापक हट्टाने वर राहतं.

आणि बाहेरची हवा. फटींतून तासाला एकदा जरी खोलीतली हवा बदलली, तर दिवसाला दहाएक लिटर नवं पाणी आत येतं. खोक्यावरचे २० लिटर बहुतेकदा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेले असतात. हवा ६० टक्क्यांवर आली की तेच यंत्र बरंच कमी, कित्येकदा निम्म्याच्या आसपास पाणी काढतं. मग फटींनी आणलेलं पाणी उपसण्यातच त्याचा दिवस जाणार. दुप्पट मोठं यंत्र आणलं तर वीजबिल वाढेल, फट तशीच राहील.

उदबत्ती पेटवून दाराच्या खाली, खिडकीच्या चौकटीला आणि तक्तपोशी भिंतीला टेकते तिथे फिरवा (कागदांपासून लांब, एकजण पाणी घेऊन शेजारी). धूर जिथे वळतो तिथे पट्टी लावा. कौलारू घरात तक्तपोशीच्या कडा हा नेहमीचा चोर असतो. आर-२९० चं यंत्र असेल तर उदबत्तीच्या वेळी ते बंद करून बाहेरच्या खोलीत ठेवा.

पुठ्ठा-खळ

मी पुस्तकबांधणी करतो, म्हणून यंत्राबद्दल नाही, पुस्तकांबद्दल सांगतो.

५० वर लावलंय ते ५५ करा, कदाचित सुरुवातीला ६०. ओल प्यायलेला खंड घाईने सुकला की पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो आणि पाठीची खळ तडकते. ६० च्या खाली सतत राहिलं तर नवी बुरशी सहसा धरत नाही, तेवढं पुरे. पोथ्यांची पानं सुटी असतात, त्यांच्यावर यंत्राची हवा थेट येऊ देऊ नका.

कपाटं भिंतीपासून चार बोटं तरी पुढे ओढा. जांभा पाणी पितो, आणि बुरशी नेहमी कपाटाच्या पाठीमागून सुरू होते, जिथे कोणी बघत नाही. बुरशी धरलेले खंड आत झटकू नका. वेगळे काढा, उघडीप मिळाली की पडवीत नेऊन, नाकाला एन-९५ मास्क लावून मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने झाडा. ओलसर बुरशी पुसायला गेलात तर ती कापडात मुरते. आधी सुकू द्या, मग झाडा. कडक उन्हात मात्र ठेवू नका, कागद पिवळा पडतो.

पागोळी

दवबिंदू, पुठ्ठा-खळ, दोघांचेही आभार. मिठाच्या पिशवीत मापक ८१ दाखवत होतं, म्हणजे सहा पुढे. ७५ म्हणजे खरे ६९ तर! उदबत्तीचा धूर तक्तपोशीच्या पश्चिमेकडच्या कडेला सरळ वर ओढला गेला, तिथे बोट जाईल एवढी फट निघाली. सुतारांनी पट्टी मारली, दाराखाली रबर लावलं. आता भिंतीवरचा आकडा ६८ ते ७० च्या मध्ये असतो, म्हणजे खरा ६२ ते ६४. समितीला हिशोब वाचून दाखवला, मोठ्या यंत्राचा विषय तूर्त मागे पडला.

शेवटची अडचण: वीज जाते-येते. परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होत नाही, आणि व्होल्टेज कमी असेल तेव्हा नुसतं गुणगुणतं. रात्री तिथे कोणी नसतं.

गारवा

ताई, गुणगुणतं म्हणजे कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतोय. तसंच राहिलं तर त्याच्या मोटरचं वाइंडिंग जळेल. यंत्राच्या वॅटपेक्षा निदान तिप्पट क्षमतेचा, वेळ-विलंब असलेला स्टॅबिलायझर लावा, फ्रिजला लावतात तसा. बंद केल्यावर तीन मिनिटं तरी पुन्हा चालू करायचं नाही, तो विलंब हेच सांभाळतो. एक्स्टेन्शन बोर्ड नको, थेट भिंतीतल्या अर्थिंगवाल्या सॉकेटला.

आपोआप सुरू होणं मॉडेलवर आहे. तुमचं होत नसेल तर रात्रीचा नाद सोडा आणि वाचनालय उघडं असताना चालवा. दार मात्र लोटलेलं ठेवा. मागे रबरी बूच असेल तर तिथून नळी लावून मोरीत सोडा, टाकी ओतायची कटकट जाते. नळी पूर्ण उताराने हवी, मध्ये उंचवटा आला की पाणी अडतं, म्हणून यंत्र बुटक्या स्टुलावर ठेवा. नळीच्या बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, नाहीतर गोम आत येते.

फिल्टर दर पंधरवड्याला. तुमच्याकडे भुगा जास्त, महिन्यावर जाऊ देऊ नका. दसऱ्यानंतर बंद करायच्या आधी टाकी काढून वाळवा, नुसत्या पंख्यावर चालवता येत असेल तर काही तास चालवून कॉइल कोरडी करा आणि उभंच ठेवा. वर सुती कापड टाका, प्लॅस्टिक नको. आडवं करून नेलं असेल तर चालू करण्याआधी एक दिवस उभं राहू द्या.

पाटीचा फोटो टाकता आला तर टाका, वॅट बघून स्टॅबिलायझर केवढा घ्यायचा ते सांगतो.