मदत हवी आहे: पुणे ते कुडाळ, लग्न आणि फिरणं एकत्र

मे महिन्यात मामेबहिणीचं कुडाळला लग्न आहे. आदल्या संध्याकाळी हळद, मुहूर्त सकाळी 11:40 चा. अर्टिगातून आम्ही सहाजण: आई-बाबा, सासूबाई, आम्ही दोघं आणि सहा वर्षांचा चिरंजीव.

पुणे-कोल्हापूर रस्ता सवयीचा आहे. प्रश्न त्यापुढचा. राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवलीला यावं, की आजऱ्यावरून आंबोलीमार्गे सावंतवाडी गाठावी? सासूबाईंना घाटात हमखास मळमळतं (आवळासुपारी, लिंबू, खिडकीची सीट, सगळं करून झालंय), त्यामुळे कमी वळणांचा घाट कुठला ते हवंय. अंतर थोडं वाढलं तरी चालेल.

खरी काळजी वेगळीच आहे. रुखवतातलं साखरेचं तुळशीवृंदावन आईने केलंय आणि ते आमच्याच गाडीतून जाणार. मागची सीट उघडली की डिकी म्हणजे नावालाच, म्हणून ते कोणाच्या तरी मांडीवरच बसणार. मागच्या वेळी साताऱ्याच्या आत एक कठडा निखळला होता! शिवाय कोकणातली दमट हवा लागली की साखर चिकट होते. कोणी असं नेलंय का? कसं बांधलंत?

परतताना दोन दिवस हातात आहेत. मालवण, देवगड, गणपतीपुळे करून आंबा घाटाने वर यायचं म्हणतोय. बाबांचे गुडघे बघता सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत चढउतार झेपेल का? पेट्या मात्र देवगडहूनच घ्यायच्या आहेत, त्यात तडजोड नाही.