मदत हवी आहे: दुसरीच्या मुलांच्या पालकांकडून घरी नेमकं काय करून घ्यावं? (तुर्भे-कोपरखैरणे)

पाटीपुस्तक
मराठी माध्यमाची शाळा, दुसरीचा वर्ग, पट 38. पालक बहुतेक एमआयडीसीत पाळीवर, एपीएमसीच्या घाऊक बाजारात माथाडी, नाहीतर वाशी-सानपाड्याला घरकामाला. सभेला येतात सात-आठ जण, आणि तेही ज्यांच्या मुलांचं आधीच बरं चाललंय ते. वहीवर सही मागितली की सही येते, वाचन होत नाही. बऱ्याच घरांत कन्नड किंवा हिंदी बोलतात. केंद्राच्या निपुण भारत अभियानाप्रमाणे 2026-27 पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे, म्हणजे या मुलांकडे वेळ थोडा आहे. "घरी अभ्यास घ्या" हे सांगून झालंय. नेमकं काय सांगू?

खडूचा_तुकडा
आधी पटाशेजारी दोन रकाने आखा: संध्याकाळी सात ते नऊ घरात कोण असतं, आणि फोन कोणाकडे असतो. शाळेकडे बहुतेक वडिलांचा नंबर असतो, आणि ते दुसऱ्या पाळीला असतील तर अकरानंतरच घरी येतात. घरी आजी किंवा पाचवीतली ताई असते. तुमचं माणूस ते.

सभा एकच आणि शनिवारी सकाळी ठेवू नका. घरकामवाल्या बायकांना दुपारी दोन-अडीचच्या सुमारास थोडी उसंत असते, बाजारात रात्री काम करणारे तेव्हा झोपेतून उठलेले असतात. पहिल्या पाळीवाले साडेतीननंतरच मोकळे. म्हणून एकाच दिवशी अडीच आणि साडेपाच अशा दोन वेळा द्या. सभा 40 मिनिटांची. त्यातली 20 मिनिटं पालकांनी स्वतःच्या मुलाला शेजारी बसवून एक कृती करायची, तुम्ही नुसतं बाकांमधून फिरायचं. छापील सूचनेपेक्षा मुलाने स्वतः लिहिलेली चिठ्ठी जास्त वाचली जाते.

गुण किंवा तक्रार सगळ्यांसमोर काढू नका. मागच्या बाकावरच्या मुलांचे पालक येत नाहीत त्याचं अर्धं कारण तेच आहे. वर्षातला पहिला फोन चांगल्या बातमीचा हवा, तोही एका ओळीचा: "आज तिने जोडाक्षराचे पाच शब्द न अडखळता वाचले."

दप्तर_हलकं
सही मागणं बंद करा. ज्यांना सही करता येत नाही त्यांना कानकोंडं होतं, ज्यांना येते ते न बघता करतात. त्याऐवजी पुस्तकाची पिशवी:

कापडी पिशवी, आत 8 ते 16 पानांचं एक पुस्तक आणि पुठ्ठ्याचं कार्ड. कार्डावर पाच गोल. घरात कोणाला तरी वाचून दाखवलं की मूल एक गोल रंगवतं. सोमवारी पिशवी जाते, शनिवारी परत येते. 38 मुलांना 45 पुस्तकं लागतील, कारण काही उशिरा येणारच. हरवलं तर दंड नको, एकदा दंड घेतला की पुढच्या आठवड्यापासून पिशवी कपाटावर जाते. जून ते सप्टेंबर आत झिपची प्लास्टिक पिशवी घाला, नाहीतर पानं चिकटतात.

पुस्तक कसं निवडायचं? मुलाला एक पान वाचायला द्या. पाच शब्दांवर अडलं तर एक पायरी खालचं द्या. पिशवी फसते ती बहुतेक इथेच: पुस्तक अवघड, घरात चिडचिड, तिसऱ्या दिवशी पिशवी बंद. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर पातळ्या पाडलेली पुस्तकं फुकट मिळतात. काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर भागतं.

पाटीपुस्तक
ज्या आईला वाचताच येत नाही तिने काय ऐकायचं? मूल चित्र बघून काहीही ठोकून देईल.

खडूचा_तुकडा
देऊ दे ना. शब्द बरोबर आहे का ते शाळेत तुम्ही बघाल. घरच्या माणसाने दोनच गोष्टी करायच्या. मुलाचं बोट शब्दाखाली सरकतंय ना ते बघायचं, आणि शेवटी तीन प्रश्न विचारायचे: कोण होतं? मग काय झालं? तू असतास तर काय केलं असतंस? हे प्रश्न सभेत पाठ करून घ्या. तेच पुस्तक सलग तीन दिवस वाचायचं. पालकांना वाटतं मूल वेळ घालवतंय, पण ओघ येतो तो पुन्हा पुन्हा वाचूनच. दिवसाला दहा मिनिटं, जास्त नको.

घरी कन्नड असेल तर प्रश्नही कन्नडमध्येच. "घरी मराठी बोला" असं सांगू नका. मोडक्या मराठीत आई गप्प होते आणि मुलाचं ऐकणं तुटतं. स्टोरीवीव्हरवर एकच गोष्ट कित्येकदा कन्नड आणि हिंदीतही असते, ज्या घरात वाचणारं कोणी आहे तिथे तीही द्या.

हातचा_एक
गणितासाठी कागद पाठवूच नका. 50 काड्या आणि पाच रबरबँड. दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे, आईने 34 म्हटलं की मुलाने तीन गठ्ठे, चार सुट्या समोर ठेवायच्या. चौतीसमध्ये चार आधी ऐकू येतात म्हणून मूल 43 लिहितं, गठ्ठे दिसले की ही चूक त्यालाच कळते. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "तीस चार" असं वाचन आल्यावर केवढा गदारोळ झाला होता! माझ्या मते दोन्ही म्हणू द्यावं, पण पालकांना आधी सांगून, नाहीतर ते "असं काय शिकवतात" म्हणून मुलालाच ओरडतात.

ऐरोलीचा_पूल
ग्रुपवर "फक्त अ‍ॅडमिन पाठवू शकतात" हे सेटिंग लावा. आठवड्यात दोनच निरोप, तेही 40 सेकंदांच्या आत आवाजात, रात्री साडेआठनंतर. व्हिडिओ नको, डेटा संपतो. वाचणाऱ्या मुलांचे फोटो ग्रुपवर टाकू नका, तुलना सुरू होते.

पाटीपुस्तक
एक राहिलं. दहाएक मुलं शेजारच्या ताईंच्या क्लासला जातात. पालक म्हणतात, सगळं क्लासमध्येच होतं.

दप्तर_हलकं
क्लासमध्ये लिहून घेता येईल असं काही पाठवलं तर ते तिथेच होणार. म्हणून कृती तोंडी आणि घरातल्या वस्तूंची ठेवा: डब्यात किती पोळ्या, गॅस सिलिंडर कोणत्या तारखेला लावला, दुकानाची पाटी वाच. पाचवीतल्या ताईलाही हाच नियम. ती सगळं स्वतः सोडवून देते, तिच्या हातात पेन्सिल नको, प्रश्नांचं कार्ड द्या.

खडूचा_तुकडा
आणि शाळा व्यवस्थापन समितीवर भिस्त ठेवू नका. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात खऱ्या, पण ते काम शाळेच्या आराखड्याचं आणि पैशाचं. तिथून पिशव्यांच्या कापडाचा खर्च मात्र मागा. सुरुवात दहा घरांपासून करा, आणि त्यात चारच हुशार मुलं घ्या.