वहिनीच्या डोहाळजेवणासाठी घरगुती सजावट : फुले कोणती, किती आणि कधी आणावीत?

अबोली_कांदिवली

नमस्कार. मार्गशीर्षातल्या दुसऱ्या रविवारी आमच्याकडे वहिनीचे डोहाळजेवण आहे. घर तिसऱ्या मजल्यावरचे भाड्याचे वन बीएचके आहे, साधारण पंचवीस बायका येतील आणि वेळ दुपारी चारची ठरली आहे. सजावट करून देणाऱ्या दोघांकडे चौकशी केली, तेव्हा दोघांनीही फुग्यांची कमान, चकचकीत प्लास्टिकचा पडदा आणि त्यावर इंग्रजी अक्षरे, असे एकच चित्र मोबाइलवर दाखवले. त्याचा दर ऐकून आईने मला फोन ठेवायलाच लावले.

आमच्याकडे आजीने आईची वाडी भरली होती, म्हणजे तिला फुलांनी सजवले होते, तेव्हाचा एक कृष्णधवल फोटो आहे. फोटोत सगळे करडे दिसते, पण वेणीत कोणत्या ओळीत अबोली होती आणि कोणत्या ओळीत शेवंती होती, ते आईला अजून तोंडपाठ आहे. तसे काहीतरी घरच्या घरी, आमच्या हातांनी करावे असे आम्हां दोघींना वाटते आहे. अडचणी मात्र तीन आहेत. घरमालकांनी भिंतीला खिळा ठोकायला मनाई केली आहे आणि चिकटपट्टी लावली की भिंतीचा रंगच निघून येतो. वहिनीला तिसऱ्या महिन्यापासून गुलछडीचा वास अजिबात सहन होत नाही. शिवाय पहाटे आणलेली फुले संध्याकाळी सातपर्यंत टवटवीत कशी ठेवायची, हे आम्हांला नीट ठाऊक नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

मधुमालती

अबोली, सर्वप्रथम वहिनींना शुभेच्छा. घरातल्या प्रत्येक कार्याची फुले मी गेली तीसेक वर्षे दादरहून आणते आहे, त्यामुळे फुलांपुरते सांगते.

आपले कार्य रविवारी आहे, हे बरे झाले. मार्गशीर्षात गुरुवारच्या पूजेमुळे बुधवारी आणि गुरुवारी बाजार इतका चढतो की वेणी घ्यायची तरी दोनदा विचार करावा लागतो. त्या दिवशी लग्नाचा मुहूर्त आहे का, तेवढे पंचांगात पाहून ठेवा, कारण मुहूर्त असला की गुलाब आणि शेवंती दोन्ही महागतात. दादर स्थानकाच्या पश्चिमेला तुळशीपाइप रस्त्यावर पहाटे पाचच्या आत पोहोचावे. सातनंतर उरतो तो निवडून गेलेला माल.

झेंडू घेताना रंगाला भुलू नये. फूल उलटे करून देठाजवळचा हिरवा भाग चिमटीत दाबून पाहावा. तो टणक लागला तर फूल संध्याकाळपर्यंत टिकते, आणि मऊ लागला तर दुपारीच पाकळ्या गळू लागतात. विक्रेते ढिगावर पाणी मारत असतात, त्यामुळे वजन वाढते आणि आतून फूल कुजायला सुरुवात होते. म्हणून वरच्या थरातला नव्हे, तर मधला कोरडा माल मागून घ्यावा. एका फुटाच्या माळेला मध्यम आकाराची दहा ते बारा फुले लागतात असा माझा हिशोब आहे. तीन फुटांच्या दारासाठी आंब्याच्या पानांचे तोरण करून मधूनमधून फूल ओवले, तर याच्या निम्म्यात भागते आणि दिसतेही अधिक चांगले.

घरी आल्यावर फुले पिशवीत तशीच ठेवू नयेत. जुन्या सुती साडीवर एकेरी थरात पसरावीत आणि वरून घट्ट पिळलेले ओले फडके घालावे. पंख्याखाली ठेवू नयेत आणि केळ्यांच्या फणीजवळ तर मुळीच ठेवू नयेत, कारण पिकत्या फळांतून निघणाऱ्या वायूमुळे फुले लवकर माना टाकतात. ओटी भरण्याची फळेसुद्धा त्या दिवशी दुसऱ्या खोलीत ठेवावीत.

वासाबद्दल सांगायचे तर गुलछडी बाद झाली, आणि मोगरा या दिवसांत कमी येतो व महाग असतो. शेवंती, अष्टर आणि झेंडू एवढ्यावर आपले काम होईल. शेवंतीलाही उग्र वास असतो, पण तो जवळ गेल्याशिवाय जाणवत नाही. तरी आदल्या दिवशी कोपऱ्यावरून एकच वेणी आणून वहिनींच्या उशाशी ठेवून पाहा. आणखी एक गोष्ट सांगते. सोसायटीच्या आवारातली पिवळी कण्हेर दिसायला कितीही सुरेख असली, तरी ती विषारी असते. तिची फुले फराळाच्या ताटांजवळ सजावटीला ठेवू नयेत.

कागदकाम

मधुमालतीताईंनी फुलांचे सगळे सांगितलेच आहे. मी फुलांच्या मागे काय असावे, त्याबद्दल लिहितो.

मुंबईतल्या बहुतेक घरांत छताला कपडे वाळत घालायच्या काठ्या असतात. आपल्या घरातही दोरी ओढून खालीवर करायच्या काठ्या असतील, तर खिळ्याचा प्रश्न तिथेच सुटला. आमच्या परळच्या जुन्या खोलीत बारशापासून सत्यनारायणापर्यंत प्रत्येक कार्याची पार्श्वभूमी त्या काठ्यांवरच उभी राहिली आहे. आईची किंवा आजीची एखादी नऊवारी साडी घ्या. ती सव्वाआठ मीटरच्या आसपास लांब असते, म्हणजे दोन काठ्यांवरून खाली सोडून मध्ये सैल झोळ दिला, तरी सहा फूट रुंदीची भिंत सहज झाकली जाते. टाचण्या लावू नका, कारण रेशमातली भोके पुन्हा बुजत नाहीत. काठीवरून साडी दुहेरी घेऊन कपडे वाळवायचे लाकडी चिमटे लावावेत आणि चिमटे झाकायला वरून माळ सोडावी. मात्र ओला झेंडू थेट रेशमाला टेकू देऊ नये. आमच्या एका कार्यात मोतिया रंगाच्या पैठणीवर एका माळेचा नारिंगी डाग पडला होता, आणि त्याची आठवण आजही प्रत्येक सणाला निघते. साडी आणि माळ यांच्यामध्ये चार बोटांचे अंतर ठेवले की पुरते.

रंगाचा विचार साडी निवडण्याआधी करावा. वहिनी हिरवी साडी नेसतील हे गृहीत धरतो. मागेही हिरवी साडी आणि हिरवी पाने आली, तर फोटोत फक्त चेहरा आणि हात दिसतील. मागे हळदी, मोतिया किंवा फिकट गुलबक्षी रंग घ्यावा आणि नारिंगी फक्त फुलांतून येऊ द्यावा.

आधी करून ठेवता येईल असे काम म्हणजे कागदाचे. दिवाळीतल्या कंदिलाचे पतंगी कागद आणि बांबूच्या काड्या घरात उरल्या असतील. त्यांचे वीतभर उंचीचे पाच-सहा साधे कंदील करून वेगवेगळ्या उंचीवर सोडले, तर साडीच्या दोन्ही बाजू भरतात. नवे सामान हवे असेल, तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर कागद, लोकरी आणि गोंडे यांची दुकाने एका रांगेत आहेत. चिकटवायला मैद्याची खळ करावी. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालत असत. ते विषारी असल्यामुळे ज्या घरात लहान मूल येणार आहे तिथे घालू नये. दोन दिवसांच्या कामाला साधी खळ पुरते. पतंगी कागदाला पाण्याचा थेंब लागला की रंग फुटतो, त्यामुळे फुलांवर पाणी शिंपडायचे ते कंदील टांगण्याआधी शिंपडावे.

दादरकर

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, तरी थोडी वेगळी सूचना करतो. वन बीएचके घरात पंचवीस बायका बसल्या की भिंतींपैकी छातीच्या वरचाच भाग दिसतो. खिडकीला माळ, कपाटाला माळ आणि टीव्हीला माळ असे केले, तर खर्च वाढतो आणि नजर कुठेच ठरत नाही. वहिनी बसणार आहेत तो एक कोपरा भरगच्च करावा, दाराला तोरण बांधावे आणि बाकी घर झाडून-पुसून स्वच्छ ठेवावे.

फरशीवर रांगोळी काढू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. गुळगुळीत फरशीवर सांडलेल्या रांगोळीवरून पाय सरकतो, आणि इथे तर सातवा महिना आहे. त्याऐवजी पाटावर गेरू लावून त्यावर तांदळाच्या पिठाने नक्षी काढावी. तांदूळ रात्रभर भिजवून गंधासारखे बारीक वाटावेत आणि काडीने रेघा ओढाव्यात. ओली असताना ती रेघ इतकी पुसट दिसते की काहीच उमटले नाही असे वाटते. म्हणून तिच्यावर दुसरा हात फिरवण्याची घाई करू नये. वाळल्यावर ती पांढरीशुभ्र दिसते.

थर्मोकोलचा चंद्र किंवा होडी आणायचा विचार कोणी सुचवला, तर नाही म्हणा. आपल्या राज्यात 2018 सालापासून सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आहे. होडी हवीच असेल, तर पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यातून ती छान कापता येते. बसायला मात्र पाठ टेकेल अशी खुर्चीच द्यावी.

अबोली_कांदिवली

सर्वांचे मनापासून आभार. दोरीच्या काठ्या आहेत, आणि त्या रोज डोक्यावर असूनही आमच्या लक्षात आल्या नव्हत्या. आता प्रश्न फक्त फुलांच्या दागिन्यांचा राहिला आहे. बाजूबंद, कंबरपट्टा आणि बिंदी यांसाठी सगळे गुलछडीच्या किंवा मोगऱ्याच्या कळ्या वापरायला सांगतात. त्याला पर्याय आहे का?

मधुमालती

तगरीच्या कळ्या वापरून पाहा. आपल्याकडे सोसायटीच्या कुंपणाला तगर हमखास असते, तिच्या मिटलेल्या कळ्या थेट मोगऱ्यासारख्या दिसतात आणि वास जवळजवळ नसतोच. एकच पथ्य पाळायचे असते. कळी तोडली की देठातून पांढरा चीक येतो आणि तो नाजूक कातडीला खाजतो. त्यामुळे कळ्या तासभर पाण्यात टाकून ठेवाव्यात, एकदा पाणी बदलावे आणि फडक्यावर निथळून मगच ओवाव्यात. दागिन्याच्या आतून मऊ सुती कापडाची पट्टी शिवावी. जाड दोऱ्याने कळ्या चिरतात, म्हणून आमच्याकडे कोकणात केळीच्या सोपटाचा ओला वाख वापरतात. तो मिळाला नाही, तर साधा सुती दोरा ओला करून घ्यावा. बाजूबंदाच्या मध्यभागी लाल अष्टरचे एकेक फूल टाकले, की हिरव्या साडीवर तो उठून दिसेल.

अबोली_कांदिवली

कार्यक्रम काल झाला. जे झाले ते जसेच्या तसे लिहिते.

दादरला आम्ही साडेपाचला पोहोचलो, म्हणजे थोडा उशीरच झाला. तरी देठ दाबून घेतलेला झेंडू रात्री नऊपर्यंत जसाच्या तसा होता. येताना लोकलमध्ये एका बाईंनी आमच्या फुलांच्या पिशवीवर स्वतःची पिशवी ठेवली आणि खालची बरीच फुले चेपली. ती फुले आईने वाया जाऊ दिली नाहीत. तिने त्यांच्या पाकळ्या वेगळ्या करून परातीतल्या पाण्यावर सोडल्या आणि ती परात दाराशी ठेवली. येणारी प्रत्येकजण आधी त्या परातीशी थांबत होती.

मागे आजीची हळदी रंगाची नऊवारी लावली. तिचा जरीचा काठ एका ठिकाणी विरला होता, तिथे बरोबर कंदील आला. दोन कंदिलांचा रंग फुटला, कारण पाणी आधी शिंपडायचे हे भावाला सांगायचे राहून गेले होते. तगरीच्या कळ्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी स्वतः तोडून दिल्या आणि चीक धुवायची आठवणही त्यांनीच केली. वहिनीला दागिन्यांचा त्रास झाला नाही. शेवंतीची परीक्षा मात्र ती आदल्या रात्रीच नापास झाली होती, त्यामुळे वाडीत शेवंतीच्या ओळी पांढऱ्या अष्टरच्या झाल्या. अबोलीच्या ओळी आईने तिच्या आठवणीतल्या क्रमानेच भरल्या, आणि जुना फोटो समोर ठेवून दोनदा उसवून पुन्हा भरल्या.

बर्फी आणि पेढ्याच्या वाट्या गेरूच्या पाटावर ठेवल्या होत्या. वहिनीने पेढ्याची वाटी उचलली. तो पाट बारशासाठी तसाच ठेवावा असे आता सर्वांचे म्हणणे आहे. नक्षी तोवर टिकेल का?

दादरकर

नक्षी टिकेल, पण तांदळाच्या पिठाला झुरळे आणि कसर लागते, हे लक्षात ठेवा. पाट सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी उभा ठेवा आणि आत कडुनिंबाची वाळलेली पाने घाला. बारशाच्या आदल्या दिवशी जिथे नक्षी उडाली असेल, तिथे पांढऱ्या पोस्टर रंगाने रेघ भरून घ्या. गेरू मात्र पुन्हा लावू नका, कारण ओला हात फिरला की जुनी रेघ सगळीच विरघळून जाईल.