जीडीबीसर्व्हर सुरूच झाला नाही तर? चाचणी मध्येच लटकते

टॉवेल_बोर्ड, सोलापूर:
आमचा छोटा लिनक्स बोर्ड अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर बसवलाय. लूम कधी बंद पडला, किती वेळ पडला, एवढंच मोजतो. दर वेळी उन्हात तिकडं पळायला नको म्हणून ऑफिसातनंच बोर्डवरच्या जीडीबीसर्व्हरला (लांबनं प्रोग्रॅम थांबवून त्यातली चूक शोधू देणारं साधन) जोडायचं ठरवलंय. पण तो चालूच झाला नाही तर स्क्रिप्टनं कारण सांगायला पाहिजे. नुसतं 'जोडणी झाली नाही' दिसलं की मालक मलाच फोन लावतो की ओ.

म्हणून मुद्दाम बिघाड घडवून बघतोय. फाईलचं नाव चुकवलं: लगेच बाहेर, बाहेर पडतानाचा कोड १२७. पोर्ट (जोडणीचा नंबर) आधीच अडकवून ठेवला: 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज', तेही लगेच. मग प्रोग्रॅमला लागणारी एक लायब्ररी हलवली, आणि चाचणी लटकली. एरर नाही, काही नाही. टाइमआउट वाढवू काय?

जुना_सी_वाला:
कितीपण वाढव, लटकलेलाच राहणार बे. जीडीबीसर्व्हर प्रोग्रॅमला पहिल्याच इन्स्ट्रक्शनवर धरून ठेवतो. मेन (प्रोग्रॅमचं मुख्य फंक्शन) तर लांबच, लोडरनं (प्रोग्रॅमला लायब्ररी जोडून देणारा) लायब्ररी शोधायलाही घेतलेली नसते. तुझ्या ऑफिसातल्या जीडीबीची (चूक शोधायचा डीबगर) वाट बघत बसलाय तो. जोड, कंटिन्यू दे, मग लोडर बोंब मारेल. बाहेर पडताना कोड मात्र तोच, १२७.

टॉवेल_बोर्ड:
मग नाव चुकलं का लायब्ररी नाही, हे कोडवरनं कळायचं कसं?

चाचणीताई:
कोड सोडा, क्रम बघा. 'लिसनिंग ऑन पोर्ट' ही ओळ यायच्या आधीच सर्व्हर बंद पडला तर सुरुवातच फसली. ओळ आली, जोडणी झाली आणि मग प्रोग्रॅम मेला, तर पुढचं दुखणं. ओळ स्टडएररवर (चुकांचे निरोप जातात ती वाट) येते, स्टडआउटवर (नेहमीच्या आउटपुटची वाट) नाही. स्टडआउट वाचत बसलात तर दिसायची नाही. आणि स्लीप (ठरावीक सेकंद थांबायची कमांड) टाकून अंदाजानं जोडत असाल तर ते आधी काढा, बोर्ड कधी किती वेळ घेईल याचा भरवसा नाही. चाचणीत पोर्ट ० द्या. सिस्टीम मोकळा पोर्ट देते, नंबर त्याच ओळीत छापून येतो. अडकलेल्या पोर्टची चाचणी तेवढी ठरावीक नंबरवर ठेवा.

टॉवेल_बोर्ड:
पोर्ट ० भारीये ताई! तिन्ही बिघाड आता वेगवेगळे कळतायत. फाईलची चालवायची परवानगी काढली तर १२६ येतोय, म्हणजे तो आपोआपच वेगळा पडला. मालकाला दिसणारा निरोप मराठीत लिहायचाय अजून.