आखाजीला खापरावरचे मांडे फ्लॅटमध्ये गॅसवर जमतात का? १२ माणसं आहेत, तातडीने सांगा

चाळीसगावची_लेक
नमस्कार मंडळी. यंदा (२०२५) आमची खान्देशातली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० एप्रिलला, बुधवारी, आणि मी माहेरी जायच्या ऐवजी माहेरच इकडे चिंचवडला येतंय. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चुलीपुढे बसणं बंद, म्हणून मी फोनवर मोठ्या तोऱ्यात बोलून गेले की यंदा सगळे माझ्याकडे या, पितरांची घागर पण इथेच भरू, मांडे मी करते. आता झोप उडालीये. मी आयुष्यात मांडा, म्हणजे हातावर मोठी करून पालथ्या खापरावर (मातीच्या भांड्यावर) भाजायची पुरणपोळी, टाकलेला नाही, आजी टाकायची आणि आम्ही पोरी नुसत्या गोळे करून द्यायचो. आजी दिवाळीनंतर गेली, म्हणजे तिचीच पहिली घागर आहे, त्यामुळे टाळता पण येत नाही.
सासर साताऱ्याचं. सासूबाई लाटलेली पुरणपोळी फार सुंदर करतात, पण ती आईसमोर ठेवली तर ती गुपचूप खाईल आणि मग वर्षभर बोलेल. दादा चाळीसगावहून नवं खापर घेऊन येतोय. तर गॅसवर खापर चालतं का, पीठ कोणतं, किती डाळ भिजवू, आणि बाकी ताटात तुम्ही काय काय करता ते पण सांगा.

तापीकाठची_काकू
व माय, बारा माणसं आणि पहिल्यांदा मांडे! असो, बोलून बसलीयेस तर आता माघार नको.
पीठ सांगते, कारण सगळा खेळ पिठाचा आहे. लोकवन गहू घे, पाण्याचा हात लावून फडक्यात बांधून रात्रभर ठेव, सकाळी बारीक दळून आण आणि मग साध्या चाळणीने नाही, पातळ सुती ओढणीतून गाळ. वर सोजी राहील ती खिरीला होते. गाळलेलं पीठ मीठ घालून सैल भिजव, दोन तास झाकून ठेव आणि मग तेल-पाण्याचा हात लावत तिंबायला बस. तिंबायचं म्हणजे किती, तर हात भरून येईपर्यंत, आणि नंतर अजून थोडं. गोळा हातात धरून ओढला तर रबरासारखा लोंबला पाहिजे, तुटला तर मांडा पण तुटणार हे धरून चाल. पुरण मात्र पातळ नको आणि कोरडं पण नको, पिठाइतकंच मऊ पाहिजे. सगळ्यांचे मांडे पुरणामुळे फाटतात आणि बाया शिव्या पिठाला देतात.
माप म्हणशील तर १ किलो डाळीला १ किलो गूळ, त्यात आमचे १०-१२ मांडे होतात, एक मांडा दोघं-तिघं खातात. तुला १ किलो पुरे, पण दीड शिजव, कारण पहिले दोन-तीन जाणारच.

अडाणी_आचारी
काकूंचं सगळं बरोबर पण एक गोष्ट आधी विचारा, शेगडी कोणती आहे? काचेची असेल तर खापर अजिबात ठेवू नका. खापर बर्नरपेक्षा कितीतरी मोठं असतं आणि पालथं घातलं की आतली सगळी धग खाली काचेवर येते, आमच्या शेजाऱ्यांची काच अशीच फटकन गेली, तीही पाहुणे हॉलमध्ये बसलेले असताना. एकच मोठा बर्नर असलेली लोखंडी शेगडी मिळते ती आणा, जमिनीवर ठेवा, खिडक्या उघड्या, पंखा बंद.
आणि नवं खापर थेट आचेवर टाकू नका, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, एक दिवस सुकू द्या, तेल लावा, मग बारीक आचेवर अर्धा तास तापू द्या. तापल्यावर थंड पाण्याचा हात सुद्धा लावायचा नाही.
माझं स्वतःचं मत विचाराल तर खापराचा हट्टच सोडा. मोठी लोखंडी कढई पालथी घाला, मी सहा वर्षं तेच करतोय (हो, पुरुष आहे आणि मांडे करतो, आता विचारू नका). भाजतं छान, फक्त मातीचा तो वास येत नाही.

मेहरूणची_मीना
दादा तोच वास तर असतो सगळा! कढईवरची म्हणजे मोठी रुमाली रोटी झाली नुसती.
आमचं ताट सांगते: मांडे, आमरस, रसोई (आपली कटाची आमटी), भात, गिलक्याची (घोसाळ्याची) भजी, कुरडया, पापड, आणि घागरीजवळ ठेवायला सांजोऱ्या. रसासाठी आंबा मात्र बघून घे ताई, मागच्या वर्षी आखाजी १० मेला होती तर आंबा चांगला आला होता, यंदा दहा दिवस अलीकडे आहे. आमच्याकडे घागर भरल्याशिवाय घरात आंबा खात नाहीत, त्यामुळे पहिला आंबा आंबट निघाला की सगळी पोरं तोंड पाडून बसतात. निम्मा केसर निम्मा बदाम घे, रसात साखर आधी घालू नको, वरून तूप आणि चिमूटभर सुंठ.
कुरडया आईला आणायला सांग. एवढ्या कमी दिवसात तू गहू भिजवून, पाणी बदलून, चीक काढून, शिजवून कधी करणार आणि फ्लॅटमध्ये वाळवणार कुठे.

चाळीसगावची_लेक
शेगडी काचेचीच आहे! वाचवलंत अडाणीदादा. शेगडी भाड्याने मिळतेय का बघते. कुरडया आईने मार्चमध्येच खुर्चीवर बसून करवून घेतल्यात, डबा भरून येतोय.
रसोईचं विचारायचं राहिलं, पितराच्या नैवेद्याला कांदा-लसूण घालता का तुम्ही? सासूबाई म्हणतात त्यांच्याकडे कटाची आमटी वेगळी असते, चिंच-गुळाची.

धुळेकर_७
आमच्या घरी नैवेद्याची रसोई बिनकांद्याची. डाळीचं वरचं पाणी, चमचाभर पुरण, भाजलेलं सुकं खोबरं, धणे, तीळ, काळा मसाला, बस. खोबरं गॅसवर थेट काळपट भाजायचं, तिथे भित्रेपणा केला तर रंगच येत नाही. आगारी (पितरांसाठी विस्तवावर घास) टाकून झाली, पितर जेवून उठले, की दुसऱ्या पातेल्यात कांदा-लसणाची झणझणीत करतो. दोन रसोया कराव्या लागतात पण भांडणं होत नाहीत. गूळ आमच्याकडे रसोईत पडत नाही, कृपया सासूबाईंना हे सांगू नका.

तापीकाठची_काकू
आमच्याकडे एकच करतात, कांदा घालूनच. ज्याच्या त्याच्या घरचं. तुझी आजी कशी करायची तशी कर, घागर तिची आहे.

शेतावरचा_बंडू
धागा वाचून तोंडाला पाणी सुटलं. आमच्या घरी आखाजीला जुना सालदार (वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी) सुटायचा आणि नवा लागायचा, दोघंही पंगतीला असायचे, वर बहिणी, भाचे, असं करून २५-३० पान उठायचं. मागच्या अंगणात दोन चुली, दोन बाया समोरासमोर मांडे टाकायच्या आणि कोणाचा मोठा होतो यावर चढाओढ. कोपरापर्यंत मांडा यायचा. आम्ही पोरं झोक्यावरून उतरून गरम मांडा तुपात बुडवून पळायचो आणि मोठी माणसं तिकडे पत्त्यांवर बसलेली, हाका मारून मारून माय थकायची.
सल्ला एकच, पुण्यात खान्देशी बाया मांड्यांची ऑर्डर घेतात, निम्मे विकत आणून ठेवा. लाज वाटून घेऊ नका.

मेहरूणची_मीना
बंडूभाऊंचं बरोबर आहे. पण विकतचे आदल्या दिवशीचे नको, वातड होतात, सकाळी मागव.

चाळीसगावची_लेक
आली मी सांगायला, दोन दिवस नुसती भांडी घासतेय.
लोखंडी शेगडी मिळाली. काकूंच्या सांगण्याप्रमाणे पीठ तिंबलं, म्हणजे मी वीस मिनिटं आणि नवऱ्याने चाळीस, कारण माझे हात गळाले. खापर भिजवलं, सुकवलं, तेल लावलं, बारीक आचेवर ठेवलं, सगळं नीट. पहिला मांडा हातावरच फाटला आणि पुरण मनगटावर, भाजलं थोडं. दुसरा खापरावर पडेपर्यंत टिकला पण आकार महाराष्ट्राच्या नकाशासारखा. तिसरा, चौथा बरे. पाचव्याला खापर टच्चकन तडकलं, आरपार, मधून. मोठी आच मीच केली होती, घाई झाली, काकड्या कापायच्या राहिल्या होत्या म्हणून.
मग अडाणीदादांची पालथी कढई. सातारी सासूबाई तोवर बाजूला उभ्या राहून बघत होत्या, त्यांनी पदर खोचला, म्हणाल्या, सरक, मला दे एक. आणि त्यांचा पहिलाच मांडा माझ्या सगळ्यांपेक्षा मोठा झाला! लाटायची सवय असलेला हात, गोळा कुठे जाड कुठे पातळ ते बोटांना कळतं म्हणे. उरलेले सात त्यांनीच टाकले, मी नुसते भाजून चार घड्या घातल्या. ऑर्डर दिली नव्हती, दिली असती तर वाया गेली असती.
घागर सकाळीच भरली. वर डांगर (खरबूज), दोन आंबे, सांजोरी. रसोई बिनकांद्याची, आजी तशीच करायची असं आईने आठवून सांगितलं. आई जेवताना काही बोलली नाही, मला वाटलं आता वर्षभराचं बोलणं साठवतेय. मग दुसरा घास तुपात बुडवून म्हणाली, पुरण चांगलं शे. मांड्याबद्दल एक शब्द नाही. सासूबाईंना मात्र हात धरून शेजारी बसवलं आणि दोघी साडेचारपर्यंत डाळ किती शिजवायची यावर वाद घालत होत्या.
आता फ्रिजमध्ये अर्धा किलो पुरण पडलंय, त्याचं काय करू?

अडाणी_आचारी
कढईचा विजय असो.
पुरणाच्या पुऱ्या तळा, नाहीतर लहान गोळे करून फ्रीझरमध्ये टाका, पोरांच्या डब्याला पोळी होते.

धुळेकर_७
सासूबाईंना रसोईत गूळ घालू दिला का शेवटी?

चाळीसगावची_लेक
दुसऱ्या पातेल्यात घातला त्यांनी. दादाने तीच दोन वाट्या ओरपली, पण हे माहेरी कोणाला सांगू नका.

तापीकाठची_काकू
मनगटाला तूप नको लावू, भाजल्या भाजल्याच साध्या पाण्याखाली धरायचं असतं, आणि फोड आली असेल तर डॉक्टरला दाखव. आणि तडकलेलं खापर फेकू नको गं, तुळशीच्या कुंडीखाली पालथं घाल. पुढच्या वर्षीचं नवं आता स्वस्त असतंय तर आत्ताच घेऊन ठेव, दोन घे.