हॅम रेडिओ : 'स्टेशन' आणि 'ट्रॅकिंग' यांना काय म्हणावे?

बिनतारी : हॅम रेडिओतल्या (परवानाधारक हौशी मंडळींच्या बिनतारी संवादातल्या) एपीआरएसवर, म्हणजे सेटवरून आपलं स्थान आणि छोटे निरोप हवेत सोडायच्या पद्धतीवर, लेख लिहितोय. 'स्थानकांच्या स्थानांचा मागोवा' असं वाक्य झालंय आणि वाचताना मला स्वारगेटच दिसतंय. काही बरं सुचवाल का?

खरखर : स्थानक नकोच. हॅमच्या भाषेत स्टेशन म्हणजे जागा नव्हे. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीत व्याख्या आहे : एक किंवा अनेक प्रेषक (ट्रान्समीटर), ग्राही (रिसीव्हर) किंवा दोन्ही, आणि त्यांची जोडउपकरणं मिळून स्टेशन. त्यात चालतंफिरतं 'मोबाइल स्टेशन' हा वेगळा प्रकारही आहे. माझ्या गाडीतला सेट हे एक स्टेशन, घरचा दुसरं. कॉलसाइन (परवान्याबरोबर मिळालेली ओळखखूण) एकच, पण गाडीच्या सेटला पुढे '-९' लावायची रीत आहे, हातातल्याला '-७'. तेव्हा 'स्टेशन' तसंच राहू द्या. ऐकणारा ऐकतोय आकाशवाणीच्या काळापासून.

जुनाखोंड : माझा आक्षेप 'मागोवा'वर आहे. माग काढणारा एक आणि ज्याचा काढायचा तो दुसरा, बहुधा त्याला नकळत. इथे उलट आहे. स्टेशन स्वतःच जीपीएसवरून अक्षांश-रेखांश घेतं, कॉलसाइनसकट एक पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा डिजिटल गठ्ठा, करतं आणि हवेत सोडतं. सेट बंद केला की संपलं.

या पद्धतीचे जनक बॉब ब्रुनिंगा, अमेरिकेच्या नौदल अकादमीतले. १९८४ मध्ये त्यांनी व्हीआयसी-२० या घरगुती संगणकावर शंभर मैलांच्या घोडदौडीत कुठला घोडा कुठवर आला ते कळवायची सोय केली. पुढे एपीआरएस (ऑटोमॅटिक पोझिशन रिपोर्टिंग सिस्टिम) नाव पडलं तेव्हा 'पी' म्हणजे पोझिशन होता. नंतर त्यांनीच तो पॅकेट केला. हे गाड्यांचा माग काढायचं यंत्र नव्हे, आसपास आत्ता काय चाललंय ते सगळ्यांना कळवायची दुहेरी सोय आहे, असं ते वारंवार बजावत. हवामान, छोटे निरोप, सगळं त्याच वारंवारतेवर जातं. लेखात हे आलंच पाहिजे, नाहीतर लोक त्याला कुरिअरचं ट्रॅकिंग समजतील.

शब्दवेडी : मग 'ठावठिकाणा कळवणे'?

खरखर : ठावठिकाणा म्हटलं की 'अद्याप लागलेला नाही' हे शेपूट आपोआप येतं. पोलीस बातम्यांनी तो शब्द खाल्लाय.

शब्दवेडी : 'लागणे'बरोबर, हो. 'ठावठिकाणा कळवला' म्हणा, बातमी गायब होते. क्रियापद बदललं की शब्दाची साथसंगत बदलते.

बिनतारी : पटलं. आणि 'बीकन' करणे, म्हणजे हे पॅकेट पुन्हापुन्हा हवेत सोडणे? दीपस्तंभ फारच समुद्रकाठचा वाटतो.

जुनाखोंड : 'हाळी देणे' घ्या. शिवारात हाळी देतात ती पोचेल त्याच्यासाठी. एपीआरएसची ठावठिकाण्याची पॅकेटंही अशीच : कुणा एकाला उद्देशून नाहीत, पोचपावती नाही, ऐकलं त्याने ऐकलं.

खरखर : ओ काका, हाळीला 'ओ' अपेक्षित असते. उत्तर नको असेल तर ती दवंडी.

जुनाखोंड : दवंडी सरकारी. शिवाय एकदाच पिटतात. हे दर थोड्या वेळाने होत राहतं; हुशार सेट तर गाडीने वळण घेतलं की लगेच पुन्हा बोलतात.

शब्दवेडी : हाळी सुंदर आहे, पण लेखात एकदाच, समजावण्यापुरती. प्रत्यक्ष हॅम मंडळी 'बीकन सोडला' म्हणतात ना? तेच वापरा. पारिभाषिक शब्द लादला की नवा हॅम पहिल्या दिवशी सेटवर गोंधळतो.

बिनतारी : शेवटचं, डिजिपीटर?

खरखर : सगळे 'डिजी' म्हणतात. ऐकलेलं पॅकेट त्याच वारंवारतेवर पुन्हा सोडतो. म्हणून 'पुनर्प्रक्षेपक' म्हणू नका, रिपीटरशी घोळ होईल. आवाजाचा नेहमीचा रिपीटर एका वारंवारतेवर ऐकतो, दुसरीवर बोलतो. पॅकेट किती डिजींनी पुढे न्यायचं ते पाठवणाराच पॅकेटला जोडलेल्या 'वाइड' नावाच्या आकड्यांनी ठरवतो, आणि प्रत्येक उडीला आकडा कमी होतो. अवकाशस्थानकावरचा डिजी १४५.८२५ मेगाहर्ट्झवर असतो. २०१५ मध्ये श्रीहरिकोटाहून ॲस्ट्रोसॅट या भारताच्या खगोल-उपग्रहाबरोबर गेलेल्या इंडोनेशियाच्या लापान-ए२ या उपग्रहावरही एक आहे. लेखात टाका, भारताचा धागा मिळेल.

बिनतारी : टाकतो. वाक्य आता असं : 'हॅम स्टेशनं आपापला ठावठिकाणा बीकनने कळवतात आणि डिजी तो पुढे पोचवतात.'

शब्दवेडी : 'स्टेशनं' बरोबर. 'स्टेशन्स' केलं असतं तर भांडले असते.