ट्रॉलीतील मुले आणि कच्चे मांस

सुपरमार्केटच्या ट्रॉलीत लहान मुलांना बसवण्यावरून येथे चर्चा चालू आहे. ट्रॉलीत बुटांसह उभ्या राहणाऱ्या मुलांमुळे पुढच्या ग्राहकाची भाजी घाण होते, म्हणून मुलांना घरीच ठेवावे, असे त्यात कोणी लिहिले आहे. भाजी घाण होते हा मुद्दा रास्त आहे. मात्र ‘मुलांना घरीच ठेवावे’ हा उपाय पटत नाही, कारण घरी सांभाळायला दुसरे कोणी असतेच असे नाही. शिवाय या चर्चेत सारे जण मुलांमुळे मालाचे काय होते एवढेच बोलत आहेत, पण धोका उलट दिशेनेही असतो. अमेरिकेत एक वर्षाखालील बाळांना होणाऱ्या साल्मोनेलाच्या (जुलाब-ताप आणणारा एक जिवाणू) संसर्गाचा अभ्यास झाला, तेव्हा ट्रॉलीत कच्च्या मांसाशेजारी बसलेल्या बाळांमध्ये तो धोका अधिक आढळला होता. पाकिटावरचा ओलावा बोटांना लागतो आणि बोटे थेट तोंडात जातात.

माझी मुलगी दीड वर्षाची असताना मी ट्रॉलीची दांडी दोनदा पुसून घेत असे (ती दांडी चघळण्याचा तिला भारी नाद) आणि मग तिने रडू नये म्हणून चिकनचे गारेगार पाकीट स्वतःच तिच्या हातात देत असे. आता मांस वेगळ्या पिशवीत घालून ट्रॉलीच्या दुसऱ्या टोकाला, सर्वांत खाली ठेवते आणि घरी पोहोचताच आधी तिचे हात साबणाने धुते.